इनस्विंगला वजन आलं ते पायचीतच्या नियमामुळे

उजव्या हाताच्या फलंदाजाला आउटस्विंगचा, म्हणजे हवेत बाहेर वळणाऱ्या चेंडूचा, धाक पहिल्यापासून आहे. शिवण स्लिपकडे कललेली, चकाकी लेगच्या बाजूला, पुढे टप्पा टाकून ड्राइव्हचं आमिष आणि कड लागली की मागे झेल. त्या चेंडूला नियमाची मदत लागली नाही.

इनस्विंगला, म्हणजे आत वळणाऱ्या चेंडूला, लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही चेंडू आत आणणारे होते, पण पायचीतसाठी टप्पा दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांच्या सरळ रेषेतच पडायला हवा होता. रेषेत टप्पा पडून आत येणारा चेंडू बहुतेकदा लेगस्टंप सोडून जायचा. ऑफस्टंपबाहेर पडून मधल्या यष्टीवर येणाऱ्या चेंडूला फलंदाज बॅट वर धरून खुशाल पॅड लावायचे. गोलंदाजाने सगळं बरोबर करूनही अपील वाया.

१९३५ मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोग म्हणून हे बदललं आणि १९३७ मध्ये कायम झालं. टप्पा ऑफबाहेर पडला तरी चालेल, पण पायाला लागताना चेंडू रेषेत हवा. लेगबाहेर टप्पा पडला तर मात्र आजही पायचीत नाही. म्हणजे सवलत मिळाली ती फक्त आत येणाऱ्या चेंडूला. इथूनच वाद पेटला. इनस्विंग आणि ऑफस्पिनचं पीक आलं, लेगस्पिन मागे पडली, ऑफच्या बाजूचे देखणे फटके आटले, अशी टीका वर्षानुवर्षं होत राहिली. लेगला क्षेत्ररक्षकांचं कडं करून धावा रोखण्याचा प्रकार इतका वाढला, की १९५७ मध्ये त्या बाजूला स्क्वेअरच्या, म्हणजे फलंदाजाच्या रेषेच्या, मागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचं बंधन आलं. टीकेत तथ्य होतं. तरीही मला १९३५ चा निर्णय योग्यच वाटतो. यष्ट्यांवर येणारा चेंडू पॅडने अडवणं ही फलंदाजी नव्हे. पुढे १९७० च्या दशकात, फटका खेळण्याचा प्रयत्नच केला नाही तर चेंडू पायाला ऑफबाहेर लागूनही फलंदाज बाद होऊ लागला, तेव्हा उरलीसुरली पळवाटही बुजली.

मग पाकिस्तानातून रिव्हर्स स्विंग आली आणि १९९२ पर्यंत तिने सगळ्यांना हादरवलं. जुना चेंडू, एक बाजू खरबरीत, वेग जबर. पकड आउटस्विंगची आणि चेंडू घुसतो आत, थेट यष्ट्यांच्या बुंध्यात. म्हणूनच धावत येताना गोलंदाज चकाकी तळहाताने झाकू लागले.

२०११ पासून एकदिवसीय सामन्यात दोन्ही टोकांना वेगळे नवे चेंडू आले. प्रत्येक चेंडू जेमतेम २५ षटकं वापरला जायचा, जुना व्हायलाच वेळ नाही. २०२० मध्ये चेंडू चकाकवायला लाळ लावण्यावर बंदी आली, २०२२ मध्ये ती कायम झाली. २०२५ पासून ३४ षटकांनंतर दोन्हींपैकी एकच चेंडू पुढे चालतो, त्यामुळे शेवटच्या षटकांत तो तिशी ओलांडतो. उशिरा आत येणाऱ्या यॉर्करला, म्हणजे थेट पायाशी टप्पा पडणाऱ्या चेंडूला, पुन्हा जागा मिळाली आहे.