पार्श्वभूमी : एक कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम?

एक कप मैद्याचं वजन 120 ग्रॅम, 125 ग्रॅम की 140 च्या वर? तिन्ही आकडे चांगल्या, नावाजलेल्या तक्त्यांमध्ये सापडतात. पाण्याच्या बाबतीत असा गोंधळ होत नाही, साखरेच्याही फारसा नाही. कपाला 200 ग्रॅम म्हटलं की बहुतेक सगळे गप्प बसतात. भांडण आहे ते मैद्याचं.

वजन करून केक करणं काही आजचं नाही. पाउंड केकचं नावच मुळी मैदा, साखर, लोणी, अंडी प्रत्येकी एक पाउंड घेण्यावरून पडलं. अमेरिकेत मात्र घरोघरी कप-चमच्यांचा रिवाज रुळला. तेव्हाचा कप म्हणजे घरातला हाताला लागेल तो चहाचा कप आणि लोणी 'अंड्याएवढं'. 1896 मध्ये बोस्टनच्या एका पाकशाळेच्या पुस्तकाने ठरावीक मापाचा कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला. शिगोशीग भरायचं नाही, वरून सुरी फिरवायची. ही शिस्त मोठीच, पण पीठ कपात शिरतं कसं, हा प्रश्न तिने सुटला नाही.

खरी गोम तिथेच आहे. मैद्यात भरपूर हवा असते. चाळून कपात पडू दिला तर तो 115 ग्रॅमच्या आसपास भरतो. चमच्याने हलकेच टाकून सपाट केला तर 120 ते 125. कप सरळ डब्यात खुपसून भरला की 140 किंवा त्याहून जास्त. म्हणजे तक्त्यातला आकडा ही तो लिहिणाऱ्याच्या हाताची सवय आहे. त्यात पुन्हा 'एक कप चाळलेला मैदा' आणि 'एक कप मैदा, चाळून' ही दोन वेगळी मापं. पहिल्यात आधी चाळायचं, दुसऱ्यात मोजून झाल्यावर. घाईत वाचणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही आणि केक दगड होतो. माझ्या मते कपावर आधारलेल्या पाककृतीत लेखकाने कप कसा भरला हे सांगितलं नसेल, तर ती अर्धवट आहे.

कपाचं आकारमानही एक नाही, आणि याला जुना फाटा कारणीभूत आहे. 1824 मध्ये ब्रिटनने दहा पाउंड पाण्याचा नवा गॅलन ठरवला. अमेरिकेने जुना, 231 घन इंचांचा, तसाच ठेवला. त्यामुळे गॅलनचा आठवा भाग असलेला पाइंटही वेगळा झाला : ब्रिटिश 568 मिलिलिटरचा, अमेरिकन 473 चा. अमेरिकन कप त्याच्या निम्मा, सुमारे 237. पोषणमूल्यांच्या लेबलांसाठी तिथे 240 धरतात. मेट्रिक कप 250 चा, जपानी 200 चा. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून 20 मिलिलिटरचा, इतरत्र बहुतेक 15 चा. केकच्या पिठात बेकिंग पावडर टाकताना हा फरक चांगलाच जाणवतो. औंसाचं दुखणं वेगळंच : एक वजनाचा, एक द्रवाचा, आणि पाककृतीत लिहिताना बरेचदा दोन्ही नुसतेच 'औंस'. पाण्याला चालून जातं. मधाला नाही, कारण मध पाण्याहून बराच जड, एक कप 340 ग्रॅमच्या आसपास भरतो.

व्यावसायिक बेकऱ्यांनी हा वाद कधीच मागे टाकला. तिथे मैदा 100 धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत, वजनावर. डिजिटल काटे स्वस्त झाल्यापासून घरगुती पाककृतींमध्येही ग्रॅम आधी आणि कप कंसात, अशी उलटापालट दिसू लागली आहे. जुन्या पाककृतींचे ग्रॅम करताना मात्र तो 120-140 चा वाद पुन्हा दारात उभा राहतो, आणि एकच आकडा सगळ्या पुस्तकांना लावणं ही चूक सर्रास होते.

चमचा तेवढा टिकून आहे. साधा काटा एका ग्रॅमच्या पायऱ्यांनी मोजतो, त्यामुळे दोन-तीन ग्रॅम सोड्याला त्याच्यापेक्षा चमचाच भरवशाचा. मिठाला तोही नाही : बारीक मीठ छोट्या चमच्याला (टीस्पूनला) सुमारे सहा ग्रॅम भरतं, जाड पापुद्र्यांचं जवळपास निम्मं, आणि तक्त्यात बहुधा नुसतं 'मीठ' लिहिलेलं असतं.