कॉपी आहे, पण कालची नाही

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे रोज संध्याकाळी चालू पुस्तकाची फाइल एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी होते. सोमवारी चुकून एक प्रकरण उडालं आणि ते गुरुवारी कळलं, तर त्या कॉपीचा काही उपयोग नाही. चुकीची फाइल चांगल्या फाइलवर कधीच चढलेली असते. अशा वेळी लागतात त्या जुन्या आवृत्त्या.

त्या जपण्याची सोय विंडोजमध्ये २०१२पासून, म्हणजे विंडोज ८पासून आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फाइल हिस्टरी’ उघडायची, डिस्क निवडायची, ‘टर्न ऑन’ करायचं. मग दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत डिस्कवर जाते. हा अवधी १० मिनिटांपर्यंत खाली आणता येतो.

फसगत होते ती इथे: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागाच यात येतात. आपल्याकडे कामं बहुधा डी ड्राइव्हवर असतात आणि ती सरळ वगळली जातात. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ केलं, की तोही यात येतो.

दुसरी अडचण जागेची. फक्त बदललेला भाग नव्हे, तर अख्खी फाइल पुन्हा साठवली जाते. ५०० एमबीच्या फाइलीच्या दिवसाला ८ आवृत्त्या म्हणजे ४ जीबी. १ टीबीची डिस्क अडीचशे दिवसांत भरेल. मुळात ‘फॉरएव्हर’ हे सेटिंग असतं, त्यामुळे जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत आणि डिस्क भरली की नव्या साठणं थांबतं. ‘अनटिल स्पेस इज नीडेड’ निवडलेलं बरं.

डिस्कवर प्रत्येक फाइलीच्या नावापुढे तारीख-वेळ दिसते, पण ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. दुपारी २.४०ची आवृत्ती हवी असेल तर ०९_१० शोधा.

डिस्क सतत जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या आवृत्त्याही कुलूपबंद करू शकतं. म्हणून दुसरी डिस्क आठवड्यातून एकदाच जोडावी आणि ‘इजेक्ट’ करूनच काढावी. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते. वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क असेल तर तीही यूपीएसवरच लावा, नाहीतर लिहिली जात असलेली प्रत अर्धवट राहते.

जुनी आवृत्ती परत आणताना ‘रिस्टोर’ऐवजी ‘रिस्टोर टू’ वापरून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा. आजचं काम शाबूत राहतं, आणि उडालेलं प्रकरण तेवढं उचलता येतं.