शीलिंग वस्तीच्या अवशेषांचे सर्वेक्षण

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात गुरांसोबत उन्हाळ्यापुरती वसणारी वस्ती म्हणजे शीलिंग. गेलिक भाषेत ‘आरी’. मेच्या सुमारास खालच्या गावातल्या बायका आणि पोरेसोरे गुरे घेऊन वर जात, तिथेच लोणी आणि चीज करत आणि ऑगस्टच्या आसपास परतत. तोवर खालची उभी पिके गुरांच्या तोंडापासून वाचत. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुरणे मोठ्या मेंढीपालनाकडे गेली आणि मुख्य भूमीवर ही रीत मोडत गेली. लुइस बेटावर ती 20व्या शतकातही चालू होती. मागे उरले ते बहुधा गुडघाभरही न भरणारे उंचवटे. काहीही न खणता, नुसत्या पृष्ठभागावरून त्यांचे मोजमाप आणि वाचन करणे हे या सर्वेक्षणाचे काम.

सुरुवात नकाशांपासून होते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या 19व्या शतकातील सहा इंचास एक मैल या नकाशांवर पडक्या झोपड्या कधी दाखवलेल्या असतात, कधी नसतात. पण डोंगरउताराच्या किंवा ओढ्याच्या नावात ‘आरी’ अथवा त्याच अर्थाचे ‘रुई’ आले, की तिथे जाऊन पाहावेच. लॉख टे या सरोवराच्या काठची 1769 ची जमीनमोजणी यासाठी विशेष उपयोगी पडते.

हंगाम चुकला तर मेहनत वाया जाते. जूननंतर ब्रॅकन नेचा छातीपर्यंत वाढतो आणि भिंती दिसेनाशा होतात. मार्चअखेर ते मेचा आरंभ हा काळ उत्तम. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वीतभर उंचीची भिंतही सावली टाकते. उतारावर चढण्याआधी समोरच्या उतारावरून पाहून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणाने कसदार झालेली जमीन तपकिरी हेदर झुडपांच्या मधोमध हिरव्यागार ठिगळासारखी दिसते, आणि ते ठिगळ बहुतेक वेळा ओढ्याकाठी असते.

मग 20–30 मीटर अंतर ठेवून माणसे ओळीने चालतात आणि प्रत्येक अवशेषाशी क्रमांकाची काठी रोवतात. हातातल्या जीपीएसवर ब्रिटिश नॅशनल ग्रिड ही ब्रिटनच्या नकाशांची निर्देशांक-पद्धत निवडलेली आहे का, हे आधीच तपासावे. डेटम, म्हणजे निर्देशांकांचा आधार, चुकला तर सगळी वस्ती नकाशावर शंभरेक मीटर सरकते. झोपडीचा आराखडा 1:100 किंवा 1:200 या प्रमाणात, पूर्ण समूहाचा 1:500 मध्ये काढतात. प्लेन टेबल, म्हणजे तिवईवरचा सपाट नकाशाफळा, आजही वापरात आहे आणि ते योग्यच आहे, कारण चित्र जागेवरच पुरे होते आणि राहिलेली चूक तिथेच नजरेस येते. फीत आडवी, समपातळीत धरावी. 20 अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले 10 मीटर प्रत्यक्षात 9.4 मीटरच असतात.

झोपडी आतून साधारण 3 ते 6 मीटर लांब, 2 ते 3 मीटर रुंद. कोपरे गोलसर, दार एकच. एका टोकाला दूध ठेवण्याची छोटी खोली किंवा भिंतीत कोनाडा असू शकतो, आणि चढाच्या बाजूला पावसाचे पाणी वळवणारी चर. गवताळ मातीच्या ठोकळ्यांची भिंत ढासळून पसरते, त्यामुळे आज दिसणारा पसारा हीच तिची जाडी समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक. आतला दगडी दर्शनी भाग सापडला तर माप त्यापासून घ्यावे आणि पसाऱ्याची रुंदी वेगळी लिहावी.

फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ. लांबट ओटा आणि भोवती चर असेल, तर ती पीट (दलदलीतली जळाऊ माती) रचून ठेवण्याची जागा असू शकते. ठरावीक अंतराने एका रांगेत आलेले अर्धवर्तुळाकार आडोसे ग्राउस पक्ष्यांच्या शिकाऱ्यांचे. ओढ्याच्या घळीत दडलेली एकटी खोली चोरट्या व्हिस्कीभट्टीचीही निघते.

सर्वांत अवघड काम कालक्रम लावण्याचे. झोपडी पडली की तिच्याच ढिगाऱ्यावर नवी बांधत किंवा जुनीचे दगड शेजारी नेत. म्हणून एका ओढ्यावर वीस झोपड्या मोजल्या, तरी एकाच उन्हाळ्यात वीस कुटुंबे तिथे होती असे ठरत नाही. उलट निव्वळ मातीच्या झोपड्या पुरत्या विरघळून गेलेल्या असतात, म्हणजे मोजणीत कमतरताही असतेच. कोणती भिंत कोणत्या भिंतीवर चढली आहे, कोणती मध्येच तुटली आहे, हे सांधे लांबी-रुंदीपेक्षा बारकाईने टिपावेत. आराखड्यात उतार हॅशूर रेषांनी दाखवतात: जाड टोक माथ्याकडे, निमुळते पायथ्याकडे.

ड्रोनच्या छायाचित्रांवरून केलेल्या त्रिमितीय प्रतिमेत हेदरचा माथा दिसतो, जमीन नव्हे. लेझर किरणांनी जमिनीची उंची मोजणारी लायडार झाडोऱ्याच्या फटींतून खाली पोचते, पण दाट हेदरखालची 20 सेंटीमीटर उंचीची भिंत तिच्याही हातून निसटते. म्हणून पडद्यावरची प्रत्येक खूण पायी जाऊन तपासतात.

दगड हलवू नयेत, खड्डा घेऊ नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मेटल डिटेक्टर वापरायला परवानगी लागते, आणि स्कॉटलंडमध्ये सापडलेली पुरातन वस्तू कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. तयार नोंदी 2015 मध्ये स्थापन झालेल्या हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या वारसा-संस्थेच्या संग्रहात देता येतात. 2006 ते 2011 दरम्यान ‘स्कॉटलंड्स रूरल पास्ट’ या उपक्रमात स्थानिक स्वयंसेवकांना अशा नोंदी करायला शिकवले गेले. आकारावरून झोपडीचे वय सांगता येत नाही. त्यासाठी उत्खनन आणि चुलीतल्या कोळशाची रेडिओकार्बन तपासणी लागते, आणि कोणत्या झोपडीत खणायचे हे याच आराखड्यावरून ठरते.