तिकिटाच्या पाठीवरचा गोंद आणि हवेतलं पाणी

एखादं स्वस्तातलं कोरं टपाल तिकीट घ्या आणि चित्राची बाजू खाली, गोंदाची बाजू वर करून तळहातावर ठेवा. काही सेकंदांतच त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा वर उचलल्या जातात आणि तिकीट वळू लागतं. तळहात कोरडा वाटत असला तरी त्वचेतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते, आणि एवढ्याशा कागदाला ती पुरते. मुरलेले संग्राहक ही युक्ती कागदातल्या तंतूंची दिशा ओळखायला वापरतात, कारण तिकीट नेहमी तंतूंना समांतर अशा अक्षाभोवती वळतं. एकाच चित्राच्या दोन छपायांमध्ये कागद कधी उभा तर कधी आडवा लावलेला असतो आणि नुसत्या डोळ्यांना तो फरक कळत नाही. पण ज्याला तळहाताची वाफ एवढी जाणवते, त्याला वर्षानुवर्षं कपाटातली दमट हवा काय करत असेल?

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोजच्या रेणूवर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर असतात, त्यामुळे पूर्ण कोरडा कागद असा आपल्या घरात नसतोच. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तेव्हा साध्या कागदाच्या वजनात ६ ते ८ टक्के पाणीच असतं. पाणी शोषल्यावर तंतू फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. भिजलेल्या तंतूची जाडी २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते आणि लांबी जेमतेम एक-दोन टक्क्यांनी. पावसाळ्यात लाकडी दार रुंदीला फुगून चौकटीत अडकतं, उंचीला मात्र होतं तेवढंच राहतं, ते याच कारणाने. यंत्रावर कागद तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेला समांतर पडतात. म्हणून तिकीट तंतूंच्या दिशेला जवळजवळ जसंच्या तसं राहतं आणि त्यांना काटकोनात असलेल्या दिशेला ताणतं-आकसतं.

नुसत्या फुगण्याने कागद वळत नाही. दोन्ही बाजू सारख्याच फुगल्या तर तो सपाटच राहील. तिकिटाची अडचण अशी, की त्याच्या एका अंगाला शाई आहे आणि दुसऱ्या अंगाला गोंद. कागद आणि गोंद हे दोन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले, पण पाण्याला मिळणारा त्यांचा प्रतिसाद वेगळा. गोंदाला तंतूंचा सांगाडा नाही. हवा कोरडी पडली की तो कागदापेक्षा जास्त आकसतो आणि तिकिटाला आपल्या बाजूला ओढतो. हवा दमट झाली की तो आधी फुगतो, मग मऊ पडतो. खरी मेख या मऊ पडण्यात आहे. मऊ गोंद त्या क्षणी तिकिटाचा जो आकार असेल त्याच्याशी जुळवून घेतो आणि पुन्हा सुकला की तोच आकार पक्का करून टाकतो. असं चक्र पुन्हा पुन्हा घडलं की तात्पुरतं वाकलेलं तिकीट कायमचं गुंडाळलं जातं. त्याला बोटांनी उलटं वाकवून सरळ करायला गेलात, तर ठिसूळ गोंद तडकतो आणि ती तड कागदात उतरते.

छापखान्यांनाही ही डोकेदुखी सुरुवातीपासून होती. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाचा गोंद बटाट्याच्या स्टार्चपासून केलेला होता. पुढे अनेक देशांत डिंक वापरला जाऊ लागला. हा डिंक मुख्यतः सुदानच्या पट्ट्यातल्या बाभूळवर्गीय झाडांचा. सुकला की तो काचेसारखा कडक आणि चकचकीत होतो, म्हणूनच तिकीट ओढून वाकवण्याची ताकदही त्याच्यात जास्त. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या छापखान्यांनी यावर मजेशीर उपाय काढला. गोंद लावलेला कागद धारदार कंगोऱ्यांच्या रुळांमधून काढायचा, म्हणजे गोंदाच्या अखंड थरात ठरावीक अंतरावर रेघा पडतात आणि त्याचा ताण तिथल्या तिथे तुटतो. स्वित्झर्लंडने गोंदावर बारीक जाळीच उमटवली. त्या काळातली कोरी तिकिटं उलटी करून तिरप्या उजेडात धरली, तर या खुणा अजून दिसतात. नवखे संग्राहक त्यांना दोष समजतात, पण त्या मुद्दाम केलेल्या आहेत.

१९६८ साली ब्रिटनने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा कृत्रिम गोंद वापरायला सुरुवात केली. तो जवळजवळ दिसत नाही, कमी वळतो आणि बुरशीलाही डिंकाइतका रुचत नाही. स्वतःहून चिकटणारी तिकिटं त्याआधीच, १९६४ मध्ये, सिएरा लिओनने काढली होती. त्यांच्यात वळण्याचा त्रास फारसा नाही, दुसरे त्रास आहेत. अमेरिकेने १९७४ च्या नाताळासाठी काढलेल्या अशाच तिकिटाचा चिकटपदार्थ कागदातून झिरपला आणि कालांतराने तिकिटं तपकिरी पडली. माझ्या मते जुन्या डिंकाची बदनामी जरा जास्तच झाली आहे. तो निदान पाण्याने धुऊन तरी निघतो.

आता हवेकडे वळू. हवामानाच्या बातम्यांत सांगतात ती आर्द्रता सापेक्ष असते, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्ष आहे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७. ३० अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यात १५ ग्रॅम वाफ आहे आणि अल्बमच्या दृष्टीने ती ठीक आहे. तीच हवा बाहेरच्या गार भिंतीला टेकलेल्या कपाटामागे जाऊन २० अंशांवर उतरली, की पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ८८ टक्क्यांच्या घरात जाते. खोलीत आर्द्रतामापक समाधानकारक आकडा दाखवत असताना कपाटाच्या मागच्या बाजूचे अल्बम खराब होतात, ते असे.

तिकिटांना साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. ३० च्या खाली गोंद ठिसूळ होतो. ६५ च्या वर तो चिकट होऊ लागतो, आणि कोरी तिकिटं अल्बमच्या पानाला किंवा एकमेकांना धरतात. ७० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर बुरशी. स्टार्च आणि डिंक हे तिचं आयतं अन्न आणि कसरीचंही. जुन्या तिकिटांच्या दातेरी कडांवर आधी दिसणारे गंजासारखे तपकिरी डाग बुरशीमुळे, कागदातल्या लोहाच्या कणांमुळे किंवा दोन्हींमुळे पडतात. कडांनाच ते आधी पडण्याचं कारण सोपं आहे: छिद्रं पाडताना तिथले तंतू उघडे पडलेले असतात, आणि ओल उघड्या तंतूंतून चटकन शिरते.

आर्द्रता ४८ आहे की ५४, यावर संग्राहक डोकं शिणवतात. पण तिकिटाला वळवते ती चढउतार. रोज दुपारी वातानुकूलन यंत्र लावायचं आणि रात्री बंद करायचं, यापेक्षा ५५ टक्क्यांवर स्थिर असलेली साधी खोली मी कधीही पसंत करेन. यंत्र बंद झालं की बाहेरची दमट हवा आत येते, वस्तू मात्र अजून गार असतात. बँकेच्या थंडगार लॉकरमधून आणलेला अल्बम लगेच उघडला तरी हेच घडतं. तो बंद पिशवीत तसाच ठेवून खोलीइतका उबदार होऊ द्यावा, मग उघडावा.

स्थिरता मिळवायला महागड्या यंत्राची गरज नाही, कारण पाण्याचा सगळ्यात मोठा साठा खुद्द संग्रहातच आहे. २० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात तीन किलो अल्बम ठेवले आहेत असं धरा. डब्यातल्या हवेत सगळं मिळून ०.३ ग्रॅम वाफ असेल, कागदात मात्र सुमारे २०० ग्रॅम पाणी आहे. इथे हवेला कागदाचं ऐकावं लागतं. डबा हळूहळू आणि सर्व बाजूंनी सारखा गार झाला, तर आतली आर्द्रता ८८ पर्यंत चढण्याऐवजी किंचित उतरते, कारण थंड कागद पाणी अधिक घट्ट धरतो आणि हवेतली वाफही ओढून घेतो. ‘कागदाला श्वास घेऊ द्या, डबा बंद करू नका’ हा सल्ला मला म्हणूनच अर्धवट वाटतो. ओलसर अल्बम बंद करणं घातक, हे खरं. पण वर्षातल्या कोरड्या दिवसांत अल्बम आठवडाभर सावलीत उभे, पानं सैल करून ठेवले आणि मग भरगच्च डब्यात बंद केले, तर पुढचे दमट महिने ते आपल्या आपण निभावून नेतात. डब्याची एक बाजू मात्र गार भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर पाणी आतल्या आत त्या बाजूला सरकत जातं.

डब्यात सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची, एक पुडी टाकली की झालं, हा भाबडेपणाही याच हिशेबाने उतरतो. ७० टक्के आर्द्रतेत मुरलेला एक किलो कागद ५० टक्क्यांच्या पातळीला आणायचा तर त्यातून २० ते ३० ग्रॅम पाणी काढावं लागतं. बुटांच्या खोक्यातून मिळणारी ५ ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम शोषेल, आणि ती बहुतेक वेळा आपल्या हाती येईपर्यंत हवेतल्या ओलीने भरलेलीच असते. सैल झाकणाच्या डब्यात ती ठेवणं म्हणजे साऱ्या खोलीची हवा सुकवायला बसणं. वापरायचंच असेल तर पुरेसं वजन घ्या, रंग बदलणारे दाणे घ्या, ११०-१२० अंशांना तापवून ते पुन्हा कोरडे करा. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते तब्येतीला चांगलं नाही.

डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक हवाच, पण स्वस्तातले मापक सर्रास चुकतात. त्यांची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने त्याचा ओला लगदा करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८१ दाखवत असेल, तर तो त्या भागात ६ ने जास्त दाखवतो असं समजा.

बाकीची व्यवस्था थोडक्यात. अल्बम आणि स्टॉकबुकं (तिकिटं पट्ट्यांमागे सरकवून ठेवायच्या वह्या) उभी ठेवा. आडवी रचली की खालच्या तिकिटांवर वजन येतं, आणि दाब व ओल एकत्र आली की गोंद चिकटणारच. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं नकोत. त्यातली मऊपणा आणणारी रसायनं तिकिटात उतरतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनचं आवरण चालतं. ग्लासीनची, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाची, पाकिटं काही वर्षांनी आम्लधर्मी होतात, ती बदलत राहा. तिकीट चिमट्यानेच उचला. तळहाताचा प्रयोग स्वस्तातल्या तिकिटांपुरताच बरा.

वळलेलं कोरं तिकीट सरळ करायची घाई नको. ते बंद डब्यात ५५-६० टक्के आर्द्रतेत काही तास राहू द्या. आपसूक सैल पडलं की सिलिकॉन लावलेल्या कागदावर गोंदाची बाजू टेकवून, वर टीपकागद आणि हलकं वजन ठेवून काही दिवस दाबा. पाण्यात भिजवून लिफाफ्यापासून सोडवलेलं वापरलेलं तिकीट वळतं ते बहुधा पाठीवर उरलेल्या गोंदामुळे किंवा एका बाजूने आधी सुकल्यामुळे. ते पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवा आणि किंचित ओलं असतानाच टीपकागदांत दाबा. पाण्यात पसरणाऱ्या शाईची तिकिटं याला अपवाद.

आणि क्वचित असंही होतं, की गोंद वाचवणं म्हणजे तिकीट गमावणं. १९३५ मध्ये जर्मनीने कोनिग्सबर्गच्या ऑस्ट्रोपा प्रदर्शनासाठी चार तिकिटांचं एक शीट काढलं. त्याच्या गोंदात सल्फ्युरिक आम्लाचा अंश होता. कोणत्याही आर्द्रतेत ठेवलं तरी तो गोंद कागद पिवळा आणि ठिसूळ करत जातो. एरवी कोऱ्या तिकिटाचा गोंद धुणं म्हणजे त्याची किंमत घालवणं, पण या शीटच्या बाबतीत जाणकार गोंद धुऊन काढण्याचाच सल्ला देतात.