चिकोरी म्हणजे भेसळ? तसं नाही

‘कॉफीची पूड गार पाण्यात टाका, लगेच तपकिरी रंग सुटला की कंपनीनं चिकोरी मिसळून फसवलं समजा’, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

पाण्यात चिकोरी लवकर बुडते आणि रंग सोडते, हे खरंच आहे. पण चिकोरी हे त्याच नावाच्या वनस्पतीचं भाजलेलं मूळ. पाकिटावर प्रमाण छापलं असेल तर ४९ टक्क्यांपर्यंत ती कायदेशीर आहे. फिल्टर कॉफीत तर ती मुद्दाम घालतात, दाटपणासाठी. आणि इन्स्टंट कॉफी? ती शुद्ध असली तरी विरघळणारच. तिथं ही परीक्षा कामाचीच नाही.

त्यापेक्षा जुळे सोलापुरातल्या सुपरमार्केटात पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. समजा, २०० ग्रॅमचं पाकीट २४० रुपयांना, त्यावर ‘कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के’. म्हणजे कॉफी १०६ ग्रॅम. ग्रॅमला सव्वादोन रुपयांच्या वर. शेजारची १०० ग्रॅम शुद्ध कॉफी २०० रुपयांना असेल, तर ग्रॅमला दोनच रुपये. स्वस्त दिसणारं पाकीटच महाग निघालं! अर्थात दोन्ही एकाच प्रकारच्या हव्यात. इन्स्टंटची तुलना फिल्टर पुडीशी करू नका. दूध घालून कडक कॉफी आवडणाऱ्यांनी मिश्रण खुशाल घ्यावं.