लक्षद्वीपला नुसतं तिकीट पुरत नाही

"अंदमानला कुणी परवाना विचारला नाही, लक्षद्वीपलाही लागत नसेल," असं लातूर-परभणीकडं सर्रास ऐकायला मिळतं. सेल्युलर जेल पाहायला श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, जाणाऱ्या भारतीयांना परवाना लागत नाही, हे खरं. पण लक्षद्वीपचं तसं नाही. १९६७ च्या नियमांनुसार तिथले मूळ रहिवासी सोडले तर सामान्य भारतीय पर्यटकालाही प्रवेश परवाना काढावाच लागतो.

परवाना ठरावीक बेटांचा आणि तारखांचा असतो. अगत्तीच्या परवान्यावर मिनिकॉय गाठता येत नाही. म्हणून आधी बेट आणि मुक्काम पक्का करा, मग परवाना, मग विमान किंवा जहाज. उलट केलं तर कोचीहूनच माघारी फिरावं लागतं आणि तिकिटाचे पैसे पाण्यात जातात.

कोचीहून विमानाला सुमारे दीड तास, जहाजाला बेटानुसार १४ ते १८ तास. समुद्र खवळला की जहाज लांबतं. परतीची रेल्वे त्याच दिवशीची काढू नका, कोचीत एक दिवस मोकळा ठेवाच.

आणि किनाऱ्यावरचा पोवळ्याचा पांढरा, जाळीदार तुकडा पोरांनी खिशात घातला तर तिथंच ठेवायला लावा. मेलेलं असलं तरी पोवळं सोबत आणणं गुन्हा आहे.