डबा कोणता?

दादर, संध्याकाळचे सात. बोरिवली स्लो फलाटाला लागते आणि माझी मैत्रीण डब्याकडे नाही, दारातल्या चेहऱ्यांकडे बघत असते. ती ट्रान्स, म्हणजे पारलिंगी, स्त्री आहे; जन्माच्या वेळी तिला मुलगा ठरवलं गेलं होतं. लेडीजमध्ये चढावं तर कुणीतरी वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणणार, ‘ओ, हा लेडीज आहे.’ जनरलमध्ये काय होतं ते सांगायला नकोच. ती एक गाडी सोडते. दुसरी सोडते. तिसरीत शिरते, दाराशी अंग चोरून उभी राहते. कुणी काही बोलत नाही. ती घरी पोहोचते.

म्हणजे काहीच घडलं नाही. तरी घरी आल्यावर तिची मान अर्धा तास आखडलेली असते.

मानसशास्त्रात याला ‘अल्पसंख्याक ताण’ म्हणतात. व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी 1981 मध्ये समलिंगी स्त्रियांच्या संदर्भात ही कल्पना मांडली, इलान मेयर यांनी 2003 मध्ये तिचं नीट प्रारूप केलं, आणि 2012 मध्ये हेंड्रिक्स व टेस्टा यांनी ते पारलिंगी व्यक्तींना लावून पाहिलं. मारहाण, नाकारलेली नोकरी, ‘खोली देणार नाही’ म्हणणारा घरमालक, हा ताण बाहेरून येतो आणि तो सगळ्यांना दिसतो. न दिसणारा ताण आतला: आता काय होईल याचा सतत अंदाज घेणं, लपवणं, आणि ऐकलेलं खरंच मानून स्वतःलाच कमी लेखणं.

धोक्याची चाहूल लागली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपासून पिट्युटरीमार्गे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक स्रवतं. त्यासाठी अपमान व्हावाच लागतो असं नाही, होईल असं वाटलं तरी पुरतं. एरवी कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. ते उतरायला सवडच मिळाली नाही तर झोप, रक्तदाब, मनःस्थिती सगळ्यावर परिणाम होतो. पाय कायम ब्रेकवर ठेवून गाडी चालवली की अपघात न होताही लायनर झिजतात, तसंच हे. मॅकइवेन आणि स्टेलर यांनी 1993 मध्ये या झिजेला ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं.

अमेरिकेत 65 ट्रान्स पुरुषांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं गेलं. सार्वजनिक स्वच्छतागृहात जायचं दडपण आणि वाढलेलं कॉर्टिसॉल यांचा संबंध त्यात दिसला. स्टेशनवर जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी कमी पिणाऱ्या मुंबईकर बायकांना हे वेगळं समजवायला नको. इथे फक्त त्यात भर पडते ती ‘कुठल्या दारातून?’ या प्रश्नाची.

पारलिंगी असणं हा मनोविकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या सूचीत ते मनोविकारांच्या प्रकरणात नाहीच. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्य केला. पण ओपीडीत केसपेपरवरचं जुनं नाव मोठ्याने पुकारलं की रांगेतल्या पन्नास माना वळतात. नाव ही किरकोळ बाब वाटते, पण तसं नाही. 2018 च्या एका अमेरिकी अभ्यासात 129 पारलिंगी तरुणांपैकी ज्यांना घरी, शाळेत, कामावर, मित्रांत निवडलेल्या नावाने हाक मारत, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण हाक मारायला पैसे पडत नाहीत.

ताण पेलायला आपली माणसं लागतात. हिजडा समाजाकडे गुरू-चेल्यांचं घराणं आहे. त्यात कडक नियम आहेत, भांडणं आहेत, पण आजारपणात उशाशी बसणारं कुणीतरी असतं. ट्रान्स पुरुषांना असं तयार घराणं सहसा मिळत नाही.

माझ्या मैत्रिणीबरोबर आता आठवड्यातले दोन दिवस ऑफिसातली एक जण चढते. त्या दिवशी ती पहिलीच गाडी पकडते.